होमस्टेसाठी ब्लॉग लिहावा की इन्स्टाग्रामवरच भर द्यावा?

मालवणजवळ देवबागला तुमचा छोटा होमस्टे आहे, रील टाकता, लाइक येतात, पण बुकिंग येत नाही. तर ब्लॉग लिहून काही उपयोग होईल का, असं तुम्ही विचारलंय. मी गुहागरात हाच धंदा करतो. माझं मत: लिहा, आणि फॉलोअर मोजणं सोडा.

कर्ली नदी समुद्राला मिळते त्या संगमावरचा ड्रोनचा शॉट तुमच्याकडे प्रत्येकाच्याच पेजवर असतो, गाणंही बहुतेक तेच. बघणारा लाइक करतो आणि पुढे सरकतो. अॅडव्हान्स पाठवणारा माणूस वेगळा. तो कल्याणला नाहीतर कोल्हापुरात बसून रात्री गूगलवर शोधत असतो, आणि काय शोधतो ते तुम्हाला पाठ आहे, कारण फोनवर रोज तेच विचारतात. कुडाळला उतरू की कणकवलीला? पहाटे गाडी आली तर रिक्षा मिळेल का? आईचे गुडघे दुखतात, जिना आहे का? एकेका प्रश्नावर एकेक लेख लिहा.

पावसाळ्याचंच घ्या. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, स्कूबा बंद. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी, त्यामुळे सुरमई-पापलेट मिळालंच तर बर्फातलं. बरेच जण याबद्दल अवाक्षर काढत नाहीत, मग जेवणाच्या ताटावरून वाद होतात. तुम्ही सरळ लिहून टाका. शिवाय त्या दिवसांत काय असतं तेही लिहा: खाडीतली मासळी, कुर्ल्या, टाकळ्याची भाजी, लावणीची शेतं, मोकळा किनारा. ‘समुद्रात उतरू देणार नाही’ हेही ठळक लिहा. असं वाचून आलेला पाहुणा कुरकुर करत नाही. फोटो तुमच्याच अंगणातले हवेत. जुलैतला गढूळ समुद्र निळा करून दाखवू नका.

लेखाच्या शीर्षकात गावाचं नाव दोन्ही लिप्यांत द्या, कारण मराठी माणूससुद्धा शोधताना बऱ्याचदा इंग्रजी अक्षरांतच टाइप करतो. सुरुवातीला ब्लॉगर ही ब्लॉगची साइट पुरे. फुकट आहे, आणि २००३ पासून गूगलच्याच मालकीचं आहे.

त्याआधी मात्र गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या नकाशावर आपल्या धंद्याची नोंद, करून घ्या, तेही फुकट. नकाशावरची खूण थेट तुमच्या बेड्यापाशी, म्हणजे फाटकापाशी आणा. ती चुकून कर्लीच्या पलीकडे भोगव्याला पडली, तर पाहुणा समोरच्या काठावर उभा राहून फोन करील आणि गाडीने यायला त्याला भलामोठा वळसा पडेल. रिव्ह्यू पाहुणा निघताना मागा, भाच्या-पुतण्यांकडून लिहून घेऊ नका. ते लगेच ओळखू येतात. वाईट रिव्ह्यूलाही शांतपणे उत्तर द्या, कारण पुढचा गिऱ्हाईक तेच आधी वाचतो.

रील बंद करा असं नाही. आज घावणे कसे झाले, रस्ता कुठे उखडलाय, एवढं रीलमध्ये दाखवा आणि लेखाची लिंक बायोमध्ये ठेवा. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये क्विक रिप्लाय (तयार उत्तरं) म्हणून त्याच लिंका साठवा, ‘कसं यायचं?’ विचारलं की दोन टिचक्यांत उत्तर जातं. पाहुण्यांचे, विशेषतः पोरांचे फोटो विचारल्याशिवाय टाकू नका.

लिहायला वेळ पावसातच मिळतो. गणपतीच्या गडबडीआधी पाच-सहा लेख चढवून ठेवा. विसर्जन झालं की दिवाळीच्या सुट्टीची विचारणा सुरू होते.