'कळलं का?' विचारणं थांबव

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तुझा फोन ठेवल्यावर बराच वेळ ओट्यावर बसून होते. तुझ्या सहावीतल्या निम्म्या मुलांना घटक चाचणीत दशांश अपूर्णांकांची साधी तुलना जमली नाही, हे सांगताना तुझा आवाज भरून आला होता. "बाई, मी रोज विचारायचे हो, कळलं का म्हणून. सगळी एका सुरात 'हो' म्हणायची." तुझं हे वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

मुलं खोटं बोलत नव्हती. बाईंना 'हो' ऐकायचंय आणि तास संपत आलाय, एवढं त्यांना ओळखता येतं. आपल्याला नेमकं काय कळलेलं नाही, हे ओळखणं मात्र भल्याभल्यांना जमत नाही, मग अकरा वर्षांच्या पोरांकडून ती अपेक्षा कशी करायची? 'कळलं का?' आणि 'कुणाला शंका?' हे दोन्ही प्रश्न सोडून दे. त्याऐवजी मुलांना असं काहीतरी करायला दे, की ते पाहून त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते तुला दिसेल.

तुझ्या शाळेत पाट्या आहेत ना? सहावीची मुलं म्हणतील, पाट्या तर पहिलीवाल्यांच्या. म्हणू देत. फळ्यावर एक प्रश्न लिही. प्रत्येकाने उत्तर लिहून पाटी छातीशी उलटी धरायची, आणि तू 'दाखवा' म्हटलंस की सगळ्यांनी एकदम वर करायची. एकदम, हे महत्त्वाचं. नाहीतर पहिल्या रांगेतल्या हुशार मुलीची पाटी बघून मागची बोटाने पुसून घेतात. अर्ध्या मिनिटात अख्खा वर्ग तुझ्यासमोर असतो, कधीच हात वर न करणारी खिडकीजवळची मुलगीसुद्धा.

पण पाटीवर प्रश्न कोणता द्यायचा, याला फार विचार लागतो. इथे मी स्वतः कित्येक वर्षं फसले, ते तुला सविस्तर सांगते.

माझा ठरलेला प्रश्न असायचा : ०.५ मोठा की ०.३५? ज्यांना ०.३५ मोठा वाटतो, ती मुलं ३५ आणि ५ यांची तुलना करत असतात. आपण 'पॉइंट पस्तीस' म्हणतो, त्याने या चुकीला खतपाणीच मिळतं. 'शून्य पूर्णांक पस्तीस शतांश' म्हणायला लांबलचक वाटतं, पण निदान सुरुवातीचे महिनाभर तसंच म्हण. तर ज्यांनी ०.५ लिहिलं त्यांना मी 'आलं' म्हणून सोडून द्यायचे. एकदा एका मुलाला सहज विचारलं, "कशावरून रे?" तो म्हणाला, "बाई, शतांश दशांशापेक्षा लहान असतो. म्हणून ज्याच्यात जास्त आकडे तो लहान." मी त्याला लगेच ०.४ आणि ०.७५ लिहून दिले. त्याने ठामपणे ०.४ मोठा सांगितला. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला तोच प्रश्न पाटीवर घातला, तर 'आलं' म्हणून सोडलेल्यांपैकी सात जण तसेच निघाले. उत्तर बरोबर, समज चुकीची. आणि माझ्या वहीत सातही नावांपुढे बरोबरची खूण.

तेव्हापासून मी जोडीने प्रश्न विचारायला लागले. ०.५ आणि ०.३५ दिल्यावर लगेच ०.४ आणि ०.७५. पहिला प्रश्न एक गैरसमज पकडतो, दुसरा दुसरा. तुला घटक शिकवायच्या आधी तासभर बसून हेच शोधायचंय, की मूल इथे कोणकोणत्या वाटांनी चुकू शकेल आणि कोणता प्रश्न त्या वाटा वेगळ्या करून दाखवेल. '१ मीटर ५ सेंटिमीटर दोरी मीटरमध्ये लिहा' हा असाच एक चांगला प्रश्न. १.५ लिहिणारी आणि १.०५ लिहिणारी लगेच वेगळी होतात. (आम्ही पूर्वी रुपये-पैशांनी हे शिकवायचो. आता मुलांनी पैसे हाताळलेलेच नसतात, त्यामुळे मीटरपट्टी बरी.)

'कशावरून?' हा प्रश्न मात्र बरोबर उत्तरालाही विचार. फक्त चुकल्यावर विचारलंस, तर चार दिवसांत मुलं शिकतात की बाईंनी कारण विचारलं म्हणजे उत्तर चुकलं, आणि मग ती कारण सांगण्याऐवजी उत्तर बदलतात.

आणि विचारल्यावर थांब. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं तिला आढळलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि बोलणारी मुलंही वाढली. तीन सेकंद हे ऐकायला काहीच नाही, पण शांत वर्गात उभं राहून बघ, जीव टांगणीला लागतो. मी मनात पाच आकडे मोजायचे. आमच्या धुळ्याकडच्या शाळेत घरी अहिराणी बोलणारी मुलं होती, त्यांना विचार पुस्तकातल्या मराठीत आणायलाच वेळ लागायचा. त्यांना मी म्हणायचे, घरी बोलतोस तसं सांग. जो मुलगा मला गणितात कच्चा वाटत होता, तो त्याच्या भाषेत सगळं नीट सांगायचा.

तासाच्या शेवटी आठवड्यातून दोनदा चिठ्ठ्या घे. वहीचं पाव पान पुरतं. 'आज काय समजलं नाही?' असं विचारू नकोस, तीस चिठ्ठ्यांवर 'सगळं समजलं' येईल. 'आज गैरहजर असलेल्या मैत्रिणीला दोन ओळींत समजावून सांग' असं लिहायला सांग. गुण द्यायचे नाहीत, लाल शाई लावायची नाही. मधल्या सुट्टीत चहा पिता पिता तीन गठ्ठे कर : कळलंय, अर्धवट, भलतंच. दहा मिनिटांचं काम आहे.

आता खरी गोष्ट. गठ्ठे केलेस आणि उद्याचा तास जसा ठरला होता तसाच घेतलास, तर हा सगळा खटाटोप वाया. भलत्याचा गठ्ठा मोठा असेल तर पुढे जाऊ नकोस. तेच पुन्हा मोठ्या आवाजात सांगूही नकोस, साधन बदल, शंभर चौकटींचा कागद रंगवायला दे. वर्ग निम्मा-निम्मा फुटला असेल, तर वेगवेगळी उत्तरं दिलेल्यांच्या जोड्या लाव, एकमेकांना पटवायला सांग आणि मग पुन्हा पाटी दाखवायला सांग. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर १९९१पासून विद्यापीठातल्या मुलांना असंच शिकवत आले. जिल्हा परिषदेच्या सहावीतही ते चालतं, फक्त गोंगाट सोसायची तयारी ठेव. तीन-चारच मुलं राहिली असतील, तर बाकीच्यांना स्वाध्याय देऊन त्यांना आपल्या खुर्चीजवळ बोलाव.

तू म्हणशील, आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकवता शिकवता वर्षभर करायच्या मूल्यमापनाच्या, नोंदी करतेच आहे की मी. नोंदींबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९मध्ये मुलाची समज आणि ती वापरण्याची क्षमता यांचं सर्वंकष, सातत्यपूर्ण मूल्यमापन करा असं म्हटलंय. समज, हा शब्द कायद्यातच आहे. २०१०मध्ये आपल्याकडे ते सुरू झालं तेव्हा निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, अगदी पुस्तकासह चाचणीसुद्धा साधनांत आली, तेव्हा मला फार आनंद झाला होता. पुढे तयार वर्णनात्मक नोंदींची पुस्तकं निघाली आणि 'गणितात रुची घेतो' हे वाक्य वर्षभर एका नावापुढून दुसऱ्या नावापुढे उतरत राहिलं. तुला रजिस्टर भरावं लागेल, ते भर. पण त्याशिवाय एक साधी वही ठेव, जी कुणी तपासणार नाही. तारीख, प्रश्न, कोण कसं चुकलं, उद्या काय बदलणार, बस्स.

अभ्यासक्रम कधी संपवायचा, हे तू विचारलंस. माझेही काही धडे दरवर्षी फेब्रुवारीत धावतपळत व्हायचे आणि त्यावर पूर्ण उपाय मला शेवटपर्यंत सापडला नाही. पण कुठे धावायचं हे ठरवता येतं. दशांश अपूर्णांकांवर पुढे शेकडेवारी उभी राहते, नफा-तोटा, सरळव्याज उभं राहतं, तिथे चार तास जास्त गेले तर जाऊ देत. काही प्रकरणं दोन तासांत उरकली तरी पुढच्या वर्षी मुलाचं अडत नाही. कोणती, ते आपण दिवाळीच्या सुट्टीत पुस्तक समोर ठेवून ठरवू.

सोमवारी पुन्हा दशांशापासून सुरू करणार आहेस ना? पहिल्याच तासाला काही न शिकवता ते दोन जोडप्रश्न चिठ्ठीवर घे आणि खाली 'कशावरून' लिहायला लाव. नावं झाकून चिठ्ठ्यांचे फोटो मला पाठव. संध्याकाळी फोनवर बसून गठ्ठे करू.

तुझी,
बाई