तिशीच्या उंबरठ्यावर लॉन बोल्स

प्रश्न : माझं वय २९. राज्य पातळीवर वेटलिफ्टिंग करत होते, खांद्याच्या दुखापतीमुळे सुटलं. मैत्रिणीने लॉन बोल्स सुचवलंय, हिरवळीवर चेंडू घरंगळत लक्ष्याजवळ नेण्याचा खेळ. घरचे म्हणतात, तो म्हाताऱ्यांचा खेळ. या वयात सुरुवात करून देशासाठी खेळता येईल का?

उत्तर : येईल. तुमचं पत्र वाचताना मला नयनमोनी सैकियाच आठवली. आसामची नयनमोनीही आधी वेटलिफ्टर होती आणि दुखापतीनंतरच या खेळाकडे वळली. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत महिलांच्या चौघींच्या संघाने सुवर्ण जिंकलं, त्यात ती होती. बाकी तिघींपैकी लवली चौबे धावपटू होती, रूपा राणी तिर्की कबड्डी खेळायची, पिंकी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायची. भारत या स्पर्धेत लॉन बोल्स २०१०पासून खेळतोय. पहिलं पदक मिळायला बारा वर्षं लागली, हे घरच्यांना जरूर सांगा.

वयाची काळजी नको. इंग्लंडचे डेव्हिड ब्रायंट १९६६मध्ये एकेरीचे जगज्जेते झाले आणि १९८८मध्ये पुन्हा झाले, तेव्हा त्यांनी पंचावन्न ओलांडलेली होती.

अडचण वेगळीच येईल, ती तुमच्या ताकदीची. मी कबड्डीतून आले, गुडघा गेल्यावर. सुरुवातीचे कित्येक आठवडे माझा प्रत्येक चेंडू जॅकच्या, म्हणजे लक्ष्य असलेल्या छोट्या चेंडूच्या, पुढे निघून जायचा. चेंडू जेमतेम दीड किलोचा, आणि घडणच अशी की वेग ओसरू लागला की तो एका अंगाला वळतो. म्हणजे नेम जॅकवर धरायचा नाही, बाजूला धरायचा, आणि उरलेलं काम त्या वळणावर सोडायचं. जोर लावलात की वळण येतच नाही. त्यातून सकाळी दव असताना ज्या हाताने चेंडू अचूक थांबतो, त्याच हाताने उन्हात तो पुढे सरकतो. हे हातात मुरायला काळ जातो, तिथे घाई करू नका.

सुरुवात लीड, म्हणजे संघात सगळ्यात आधी चेंडू टाकणारी, म्हणून करा, असं मी आग्रहाने सांगेन. जिच्यावरून चेंडू सोडतात ती मॅट टाकायची, जॅक किमान २३ मीटर लांब सोडायचा आणि पहिला चेंडू त्याच्या जवळ नेऊन ठेवायचा, हे लीडचं काम. टाळ्या बहुधा शेवटचा चेंडू टाकणाऱ्या स्किपला मिळतात. पण लीडने जागा धरली नाही, तर मागच्या तिघींना सगळा एंड, म्हणजे ती फेरी, ती चूक निस्तरण्यात घालवावा लागतो. बर्मिंगहॅमच्या अंतिम सामन्यात आपण ८-२ असे पुढे होतो, मग दक्षिण आफ्रिका १०-८ अशी पुढे गेली. तिथून आपण १७-१० जिंकलो. एकटीच्या हातून असं होत नाही.

पैशांचं स्पष्टच सांगते. खेळावर घर चालेल असं धरू नका. बर्मिंगहॅमच्या वेळी लवली पोलिसात होती, नयनमोनी वनखात्यात. नोकरी सांभाळून सराव, हीच आपल्याकडची रीत.

चेंडू खालून, हात लंबकासारखा झुलवून सोडतात, त्यामुळे खांद्यावर भार कमी येतो. तरी फिजिओला दाखवूनच मैदानावर जा. गुडघा मात्र रोज वाकवावा लागेल. त्याचे व्यायाम आजपासूनच सुरू करा.