चष्म्याच्या दुकानातला अनुभव अमेरिकेत चालेल का?

प्रश्न : माझी मुलगी बारावीनंतर सात वर्षं लक्ष्मी रस्त्यावरच्या एका चष्म्याच्या दुकानात काम करते. नंबर तपासते, फ्रेम बसवून देते. लग्न होऊन ती आता न्यू जर्सीला जाईल. एक एजंट म्हणतो, पैसे भरा, अख्ख्या अमेरिकेत चालेल असं ऑप्टिशियनचं लायसन्स काढून देतो. भरावेत का?
– एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, एक रुपयाही देऊ नका. अख्ख्या अमेरिकेत चालणारं ऑप्टिशियनचं लायसन्स मुळात नसतंच. तिकडे ज्या त्या राज्याचा कायदा वेगळा, आणि निम्म्याहून जास्त राज्यांत ते लागतही नाही. न्यू जर्सीत लागतं; डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलं की नाही. न्यूयॉर्क, फ्लोरिडात लागतं, टेक्सासमध्ये नाही. त्यामुळे फीचाही एकच आकडा नसतो. अर्जाची निराळी, परीक्षेची निराळी, शिवाय ठरावीक वर्षांनी नूतनीकरणाची. न्यूयॉर्कमध्ये ती दर तीन वर्षांनी. राज्याची फी राज्याकडे आणि परीक्षेची परीक्षा मंडळाकडे उमेदवार स्वतः भरतो.

त्याआधी व्हिसा बघा. नवरा एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) असेल, तर ती एच-४वर (त्याच्या बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर) जाईल, आणि त्यावर काम करायला वेगळी परवानगी लागते. ती सगळ्यांना मिळत नाही. साधारणपणे नवऱ्याचं ग्रीन कार्डचं प्रकरण एका टप्प्यापर्यंत पोचलेलं असावं लागतं. हे जावयांना आजच विचारा.

दुसरं, आपल्याकडे दुकानात सर्रास नंबर काढतात. तिथे ते काम ऑप्टोमेट्रिस्टचं किंवा डोळ्यांच्या डॉक्टरांचं. ऑप्टिशियन चिठ्ठीप्रमाणे चष्मा बनवतो, बसवतो. लायसन्सच्या राज्यांत बहुधा एक तर कॉलेजचा अभ्यासक्रम करावा लागतो किंवा लायसन्सवाल्याच्या हाताखाली उमेदवारी. त्यावर परीक्षा. चष्म्यासाठी एबीओची आणि कॉन्टॅक्ट लेन्ससाठी एनसीएलईची परीक्षा अनेक राज्यं धरतात.

मुलीचा हात तयार असेलच, पण गणित पक्कं करून घ्या. सदाशिव पेठेत मी दुकान सुरू केलं, त्या पहिल्या वर्षी एक शाळामास्तर दुसरीकडून केलेला चष्मा घेऊन आले. नंबर उणे सहा, अगदी बरोबर. तरी संध्याकाळपर्यंत डोकं ठणकायचं. पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, मोजलं तर ६४ मिलिमीटर, लेन्स बसवलेल्या ५८वर. म्हणजे प्रत्येक डोळ्याला ३ मिलिमीटरची चूक. सेंटिमीटरमधलं अंतर गुणिले नंबर, म्हणजे ०.३ गुणिले ६ : एकेका डोळ्याला १.८ प्रिझम (लेन्स प्रकाश किती वळवते, त्याचं हे माप). दिवसभर दोन्ही डोळे ते सावरत बसले होते. तीन महिने त्या माणसाने वह्या तपासताना हे सोसलं. हा प्रेन्टिसचा नियम तिला झोपेतही सांगता आला पाहिजे, परीक्षेतही तो येतो.

निघण्यापूर्वी दुकानाच्या लेटरहेडवर, मालकांच्या सहीने, कामाच्या तारखा आणि नेमकं काम इंग्रजीत लिहून घ्या : लेन्सोमीटरवर नंबर बघणे, पीडी आणि प्रोग्रेसिव्हची फिटिंग हाईट घेणे, लेन्स घासून फ्रेममध्ये बसवणे. बारावीचं मूळ प्रमाणपत्र सोबत द्या. ही सात वर्षं उमेदवारीत धरायची का, ते न्यू जर्सीचं बोर्ड ठरवेल. पत्ता पक्का झाला की मुलीने स्वतः त्यांना ईमेल करावी.