आंधी आली की कूलर बंद करायचा का?

मे महिना लागला की धुळीवरचे प्रश्न यायला लागतात, या वेळचे चार घेतलेत.

मालाडहून: 23 जानेवारी 2022 ला सकाळी गाडीवर पिठासारखी पांढरी पावडर होती. थंडीत कसलं आलंय धुळीचं वादळ?

ती धूळ आपली नव्हतीच हो. पाकिस्तानातून, कराचीकडून जोरदार वाऱ्यावर उठली आणि अरबी समुद्र ओलांडून गुजरात, मुंबईपर्यंत आली. जाड वाळू वाटेतच खाली बसते, इतक्या लांब येतं ते बारीक पीठच, म्हणून गाडीवर रेती नाही तर पावडर दिसली. त्या दिवशी मुंबईचा पारा दुपारीसुद्धा 24 अंशांच्या आसपासच होता, धुळीने ऊन अडवलं आणि वाराही गार होता. लोक हिल स्टेशनसारखं वाटतंय म्हणून फोटो टाकत होते, आणि हवा त्याच दिवशी वाईट!

करोल बागेतून: आंधी येऊन गेली की हवा साफ होते असं इथले शेजारी म्हणतात. खरंय का?

अर्धं खरंय. ढगातून गार हवा धाडकन खाली आदळते, जमिनीवर पसरते आणि धूळ उडवते, ती झाली आंधी, तिच्या मागोमाग पाऊस पडला तर तासाभरात सगळं खाली बसतं. पण पाऊस आलाच नाही आणि राजस्थानकडून कोरडा वारा वाहतच राहिला, तर जून 2018 सारखं होतं, दिल्लीवर कित्येक दिवस मळकट आभाळ, शेवटी बांधकामं थांबवायला लागली होती. अजून एक, सरकारी एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे ते सांगणारा आकडा, 24 तासांच्या सरासरीवर काढतात, त्यामुळे बाहेर समोरची बिल्डिंग दिसत नाही आणि आकडा मात्र बरा, असं होऊ शकतं. अशा वेळी ॲपमध्ये पीएम 10 चा, म्हणजे हवेतल्या 10 मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांचा, ताजा आकडा बघा, वादळात मुख्यतः तोच उसळतो. आपल्याकडची मर्यादा दिवसाच्या सरासरीला 100 मायक्रोग्रॅम आहे.

नागपूरहून: आईला दमा आहे. वादळात खिडक्या लावून कूलर चालू ठेवला तर चालेल ना?

नाही, कूलरच बंद करा! तो बाहेरची हवा खेचून आत ढकलतो, वाळ्याच्या ताट्या जाड धूळ अडवतात पण बारीक आत येतेच. वादळानंतर टाकीतलं पाणी बघा एकदा, चहासारखं झालेलं असतं, ते बदलूनच परत चालू करा. एसी असेल तर उत्तम, तो खोलीतलीच हवा फिरवतो. आणि सगळं शांत झाल्यावर लगेच झाडू नका मारू, बसलेली धूळ परत उडते आणि आईंना त्रास तेव्हाच होतो. ओल्या फडक्यानेच पुसा, इन्हेलर हाताशी ठेवा, आणि पंप मारूनही धाप कमी होत नसेल तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या.

ओला रुमाल की एन95?

एन95, तोही नाकाशी नीट बसलेला. रुमालाने तोंडात रेती जात नाही, एवढाच त्याचा उपयोग.