वाचकांचे प्रश्न : ताडपत्री बांधली, तरी डुकरं खोकतात

प्रश्न : आमच्याकडे दौंड तालुक्यात यॉर्कशायर जातीची डुकरं आहेत. थंडी पडली तशी शेडला चारी बाजूंनी ताडपत्री बांधली. तरी अडीच-तीन महिन्यांची पिल्लं सकाळी उठवली की कोरडी ढास लागल्यासारखी खोकतात. खातात, पण अंगी लागत नाही. इंजेक्शनाने आठवडाभर बरं, मग पुन्हा तेच. आणखी कसं झाकावं?
– एक पशुपालक

उत्तर : आणखी झाकू नका. उलट थोडं उघडा.

उद्या पहाटे ताडपत्री काढायच्या आधी आत जा आणि पिल्लं झोपतात तिथे उकिडवे बसा. उभं राहून कळत नाही. डोळे चुरचुरले तर तो मुताचा अमोनिया. तुमचं नाक सरावलेलं असणार, म्हणून पाहुण्यालाही बसवा (पाहुणा रागावेल, पण खरं सांगेल). अमोनिया 25 पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग) पुढे गेला की श्वासनलिकेतली घाण वर ढकलणारी बारीक लव निकामी होऊ लागते. मग मायकोप्लाझ्मासारखे जंतू तिथे ठाण मांडतात. तुमच्या पिल्लांचं वय आणि कोरडा खोकला पाहता मला त्याचाच संशय येतो. औषधाने जंतू दबतात, हवा तीच राहते.

ताडपत्री खालून तीन-साडेतीन फुटांपर्यंत घट्ट ठेवा, म्हणजे झोपलेल्या जनावराला झोत लागणार नाही. वर पत्र्याखाली वीतभर फट चोवीस तास मोकळी हवी. ऊब कमी पडेल ती कोरड्या पेंढ्याने भरून काढा. ओला कोपरा रोज खरवडा. थंडीत सकाळी पाइपने फरशी धुणं मात्र बंद. ओल दिवसभर हटत नाही.

दाटी किती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. विक्रीला आलेल्या डुकराला किमान 9-10 चौरस फूट लागतात. मोठ्यांच्या शेजारी दूध तुटलेली पिल्लं ठेवू नका. हा रोग नाकाला नाक लागून आणि खोकल्याच्या तुषारांतून जातो. एक खण पूर्ण रिकामा करून, धुऊन, वाळवून मगच नवी पिल्लं भरा.

जंतांच्या अळ्या फुफ्फुसातून जातानाही खोकला येतो, तेव्हा जंतनाशकाची तारीख तपासा. ताप, निळसर कान, नाकातून रक्त किंवा अचानक मरतूक दिसली तर हवेचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात कळवा.

पुढचं डुक्कर कापलं जाईल तेव्हा फुफ्फुसं मागून घ्या. फुफ्फुसाच्या पुढच्या पाळ्या (म्हणजे भाग) खालच्या बाजूला जांभळट-राखाडी आणि काळजासारख्या घट्ट लागल्या, तर फोटो काढून तुमच्या डॉक्टरांना दाखवा. औषध कोणतं, हे त्यानंतर ठरवता येईल.