पेस्ट, पॅड आणि गोळी: मात्रा दुकानदाराला विचारू नका

वर्षभर तेच तीन प्रश्न येतात. ऑक्टोबरात छाटलेल्या द्राक्षकाडीच्या डोळ्यांना (कळ्यांना) फुटीसाठी लावायच्या पेस्टचा, फेब्रुवारीत द्राक्षाच्या खोक्यात ठेवायच्या पॅडचा, मे-जूनमध्ये कांदा साठवायच्या चाळीचा. तिन्ही प्रश्नांत एक वाक्य ठरलेलं असतं: "दुकानदार म्हणाला." म्हणून तिन्ही उत्तरं एकदाच देऊन टाकतो.

प्रश्न (दिंडोरी): ऑक्टोबरअखेर छाटणी केली. थंडी लवकर पडली. दुकानदार म्हणतो पेस्टला हायड्रोजन सायनामाइड लिटरला ६० मिली घ्या, फूट एकसारखी निघेल. घेऊ का?

नाही. ५० टक्केवालं औषध असेल तर दिवसा ऊन चढं असताना लिटरला ३० मिली. थंडी असेल, काडी जाड असेल तर ४०. त्याच्या पुढे जायचं नाही. साठने फूट वाढत नाही, डोळा जळतो. गेल्या हंगामात अशाच एका बागेत गेलो होतो. मागे फुटलेल्या दोन काड्या सोडल्या तर ओळच्या ओळ मुकी. एक डोळा ब्लेडने उभा चिरला. आत हिरवा ठिपका दिसायला हवा तिथे तंबाखूसारखा तपकिरी भुसा. मालक म्हणाला, "साहेब, अजून एक हात देऊ का?" मेलेल्या डोळ्याला दुसरा हात देऊन काय होणार?

हे औषध खत नाही, टॉनिक नाही. ते डोळ्याला धक्का देतं. आतलं कॅटलेज नावाचं विकर (एन्झाइम) दबतं, पेरॉक्साइड साठतं आणि त्या ताणाने झोपलेला डोळा जागा होतो. धक्का मोजून द्यायचा असतो.

वेळ मात्रेइतकीच महत्त्वाची. छाटणीनंतर २४ ते ४८ तासांत पेस्ट उरकली पाहिजे. मजूर मिळाले नाहीत म्हणून आठ दिवसांनी लावणारे आहेत. डोळा कापसला (फुगून कापसासारखा दिसू लागला) की पेस्ट बंद, मग बादलीत कितीही उरलेलं असो. कोवळ्या हिरव्या भागावर हे औषध पडलं की तो भाग करपणारच. बादलीत फक्त औषध, पाणी आणि कुठली काडी राहिली ते कळावं म्हणून लाल रंग. दुकानदार सोबत देतो ती "फुटीची बाटली" बादलीत ओतू नका. त्याला ती खपवायची असते.

थंडी किती, हे पेपरात बघून ठरवू नका. "निफाडचा पारा" म्हणून जो आकडा छापून येतो तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा असतो, तुमच्या माळावरचा नाही. मी प्रत्येक गटाच्या बैठकीत सांगून थकलो: प्लॉटमध्ये वेलीच्या उंचीवर, सावलीत, किमान-कमाल तापमापक टांगा आणि रोज सकाळी वहीत दोन आकडे लिहा. छाटणीच्या आधीचा आठवडा लिहिलात तरी ३० की ४० हे तुमचं तुम्हाला कळेल. फोन करणाऱ्या दहांपैकी नऊ जणांकडे तापमापक नसतो, हातात पन्नास हजारांचा मोबाईल असतो.

आता दारू. हसू नका, यात माणसं दवाखान्यात गेली आहेत. दारू पोटात गेली की शरीर तिचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं आणि मग ते विष पुढे मोडतं. सायनामाइड ते मोडणारं विकरच अडवतं. एका बागेत पेस्ट लावणाऱ्या गड्याने संध्याकाळी दारूचा नेहमीचा पाव घेतला. तासाभरात चेहरा टोमॅटोसारखा लाल, छाती धडधडायला लागली, उभा राहिला तो खाली बसला. घरचे म्हणाले ऊन लागलं, दुसरा म्हणाला कोणी काहीतरी पाजलं. डॉक्टरांना पेस्टचं सांगायला कोणालाच सुचलं नाही, कारण बाटलीवरची सूचना मजुराला कोणी वाचूनच दाखवली नव्हती. दारू सोडवायला काही देशांत दिलं जाणारं औषध याच घराण्यातलं आहे, यावरून काय ते ओळखा. पेस्टच्या आदल्या दिवसापासून पुढे आठवडाभर दारूला हात नाही. बायका बोळ्याने पेस्ट लावतात, त्यांना रबरी हातमोजे द्या. कापडी मोजा औषध पिऊन हाताला चिकटून बसतो, त्यापेक्षा नसलेला बरा. युरोपने २००८ मध्ये या औषधाला मान्यता नाकारली, तेव्हा मोठा मुद्दा लावणाऱ्याच्या सुरक्षिततेचाच होता.

प्रश्न (निफाड): कोल्ड स्टोरेजमधून काढलेल्या थॉमसन द्राक्षांमध्ये देठाजवळ मणी पांढरे पडले. पॅडवाल्याने खोक्यात दोन पॅड टाकायला सांगितले होते. पॅड खराब निघाले का?

पॅड चांगले होते. दोन टाकले हीच चूक, आणि गरम मालावर टाकले ही त्याहून मोठी.

पॅडमध्ये सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. त्याला ओल लागली की सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो. तो वायू करड्या बुरशीला रोखतो, देठ हिरवा ठेवतो. दोन थरांच्या पॅडमध्ये एक थर पहिल्या एक-दोन दिवसांत वायू सोडतो, दुसरा पुढे कित्येक आठवडे हळूहळू सोडत राहतो. हा हिशोब थंड आणि कोरड्या मण्यासाठी केलेला असतो. तुम्ही अकरा वाजता तोडलेला माल, मणी आतून तापलेला, तसाच खोक्यात भरून पॅड ठेवून लायनर (खोक्यातली प्लास्टिकची पिशवी) बंद केलात. थंड खोलीत गेल्यावर लायनरच्या आत घाम आला, पाण्याचे थेंब पॅडवर पडले आणि महिन्याभराचा वायू एका रात्रीत सुटला. जिथे सालीला केसाएवढी चीर किंवा देठाजवळ जखम, तिथून तो आत शिरला आणि मणी धुतल्यासारखा पांढरा झाला.

तोड सकाळी लवकर करा, उन्हं चढायच्या आत संपवा. भरलेली खोकी लायनर उघडं ठेवून प्रीकूलिंगला (साठवणीआधी थंड करायला) लावा, मण्याच्या गराचं तापमान ४ अंशांपर्यंत खाली आणा. त्यासाठी सुईचा तापमापक मण्यात खुपसून बघायचा, खोलीच्या पाटीवरचा आकडा नव्हे. मगच पॅड, मगच लायनर बंद, आणि पुढे शून्य ते १ अंश, आर्द्रता ९० ते ९५ टक्के. खोक्याच्या वजनाला जो पॅड ठरला आहे तो एक. एक म्हणजे एक. पॅड फाटलेला असेल तर फेकून द्या. दमा असलेल्या कामगाराला पॅडच्या टेबलावर बसवू नका.

"जास्त टाकलं तर जास्त टिकेल" हे पॅडवाल्याचं गणित. परतलेल्या कंटेनरचं बिल तो भरत नाही. २०१० आठवा. सीसीसीचा (वेलीची वाढ रोखायला मारतात त्या औषधाचा) अंश युरोपच्या ०.०५ मिलिग्रॅम प्रति किलोच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला आणि गोड, देखणा माल बंदरात अडकला. तेव्हाही "सगळेच मारतात" हाच सल्ला काउंटरवरून मिळाला होता.

प्रश्न (चांदवड): कांद्याच्या चाळीत वास सुटला आहे. दुकानदाराने गॅसच्या गोळ्या दिल्या. किती टाकू?

एकही नाही. ही गोळी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या दमटपणाने तिच्यातून फॉस्फीन सुटतो. ३ ग्रॅमची एक गोळी सुमारे १ ग्रॅम फॉस्फीन सोडते. तो बंदिस्त गोदामात धान्यातले किडे मारतो. तुमच्या चाळीला बाजूने फटी, खालून फटी, कारण ती वारा खेळायलाच बांधलेली आहे. वायू चाळीत थांबणार नाही, शेजारच्या पडवीत झोपलेल्या म्हाताऱ्या माणसांपर्यंत जाईल. आणि तुमचा कांदा किड्याने नासत नाही, जिवाणूने आणि काळ्या बुरशीने नासतो. त्यांना या गोळीचं काही होत नाही. म्हणजे फायदा शून्य आणि जिवावरचं संकट पूर्ण. त्यात फॉस्फीनला लसणासारखा वास येतो. कांद्याच्या चाळीत तो कोणाच्या ध्यानात येणार? फॉस्फीनवर उतारा नाही. म्हणूनच ही गोळी प्रशिक्षित माणसाशिवाय कोणी वापरू नये असा नियम आहे. किराणा मालासारखी काउंटरवरून विकणाराच चुकतोय.

चाळीतला वास शेतातून येतो. लागवडीला ६० दिवस झाल्यावर युरिया टाकलात, काढणीच्या आठवड्यापर्यंत पाणी दिलंत, की मान जाड राहते, ती सुकत नाही आणि सड तिथूनच उतरते. निम्म्या माना पडल्यावर काढा, शेतात पातीने कांदा झाकून तीन-चार दिवस सुकवा, दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून कापा, मग सावलीत दहा-बारा दिवस. आत्ता चाळ उघडा, नासका वेचून बाहेर काढा, ढीग कमी करा. लासलगावच्या विकिरण केंद्राचंही कोणीतरी विचारलं होतं. २००२ पासून ते आहे, पण त्याने कोंब थांबतात, सड नाही.

चाळीचं अनुदान: शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, निवड, पूर्वसंमती, मग पाया. संमतीआधी खड्डा खणलात तर पैसे विसरा.

जाता जाता, आंब्याच्या पेटीत कार्बाइडची पुडी टाकू का, असंही दोघांनी विचारलं. त्याला बंदी आहे, त्यात आर्सेनिकचा अंश येतो. पिकवायचंच तर रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन, १०० पीपीएमच्या आत.

चांदवडच्या भाऊंनी गोळ्या आणून ठेवल्यात असं फोनवर कळलं. त्या घरात ठेवू नका, खिशात नेऊ नका, आणि विल्हेवाट म्हणून पाण्यात तर मुळीच टाकू नका, एकदम वायू सुटेल. डबा बंदच असेल तर तसाच कोरड्या, मोकळ्या जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. उघडला असेल तर हात लावू नका. पावती घेऊन उद्या सकाळी तालुका कृषी कार्यालयात या. पावती दिली नसेल तर दुकानाचं नाव आणि डब्यावरचा बॅच नंबर लिहून आणा.