‘नस जाळण्या’आधी दोनदा भूल कशाला?

प्रश्न : वय 58. तीन वर्षांपासून कंबर दुखते. भांडी घासायला उभं राहिलं, मागे वाकलं की जास्त. कळ मांडीपर्यंत येते, गुडघ्याखाली नाही. सहा महिने फिजिओथेरपी झाली. एमआरआयमध्ये ‘फॅसेट आर्थ्रोपथी’ आलंय. डॉक्टर म्हणतात, आधी दोन वेगवेगळ्या दिवशी भुलीचं इंजेक्शन देऊन बघू, मग नस जाळू. रिपोर्ट हातात असताना हा दुप्पट खर्च कशाला? आणि नस जाळल्यावर पाय लुळा पडला तर? – एक वाचक, कराड

उत्तर : रिपोर्टवर जाऊ नका. पन्नाशीनंतर फॅसेटची, म्हणजे मणक्यांना मागून जोडणाऱ्या छोट्या सांध्यांची झीज कंबर अजिबात न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही सर्रास दिसते. दुखणं तिथलंच आहे का, हे भूल देऊनच कळतं.

या प्रत्येक सांध्याला दोन बारीक नसा येतात, त्यामुळे एका सांध्यासाठीही दोन ठिकाणी सुई लागते. सी-आर्म एक्स-रेखाली प्रत्येक नशीपाशी जेमतेम अर्धा मिली औषध सोडतात. जास्त सोडलं तर ते शेजारी पसरतं आणि दुखणं भलत्याच कारणाने थांबतं. त्या दिवशी वेदनाशामक गोळी घेऊ नका, झोपेचं इंजेक्शनही नको. घरी जाऊन पडून राहिलात तर चाचणी वाया गेली! ओट्याशी उभ्या राहा, वाका आणि दर अर्ध्या तासाला दुखणं 0 ते 10 मध्ये लिहा. भुलीचा अंमल असेपर्यंत 80 टक्के आराम दोन्ही वेळा मिळाला, तर पुढे जाण्यात अर्थ आहे. नुसतं सुई टोचल्यानेही अनेकांना एकदा बरं वाटतं. दुसरी खेप त्यासाठीच.

आता पायाचं. रेडिओफ्रिक्वेन्सीत, म्हणजे नस जाळण्याच्या या उपचारात, सुईचं उघडं टोक नशीला समांतर ठेवून साधारण 80 ते 90 अंश सेल्सिअसला 60 ते 90 सेकंद तापवतात. या नसा सांधा आणि पाठीचे लहान स्नायू एवढंच सांभाळतात, पायाची ताकद नाही. तरीही तापवण्याआधी 2 हर्ट्झचा करंट देतात : पाठीत फडफड झाली तर ठीक, पाय उडाला तर सुई हलवायची. ही तपासणी टाळू देऊ नका. सुई समांतर न राहता नशीला काटकोनात टेकली तर नस नीट जळत नाही, फायदा लवकर ओसरतो.

पहिले काही दिवस दुखणं उलट वाढतं, कधी कातडीवर आग होते. आराम दोन-तीन आठवड्यांनी. नस पुन्हा वाढते, म्हणून गुण बहुधा सहा महिने ते वर्षभर. नंतर पुन्हा करता येतं. मधल्या काळात व्यायाम सोडू नका. पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा; गोळी परस्पर बंद करू नका.

प्रश्न : माझं दुखणं पट्ट्याच्या रेषेखाली, एका बाजूला, बोट ठेवून दाखवता येतं. मधुमेह आहे. हेच उपचार चालतील? – एक वाचक, नाशिक

उत्तर : हा बहुधा माकडहाडाच्या वरचा सॅक्रोइलियाक सांधा असावा, नसा वेगळ्या, सुया वेगळ्या. डॉक्टर सांध्यावर ताण देणाऱ्या पाच चाचण्या करतात. तीन दुखल्या तर संशय पक्का धरून सांध्यात इंजेक्शन देतात. त्यात स्टेरॉइड असेल तर काही दिवस साखर चढते, रोज तपासा. लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, किंवा कंबरदुखीसोबत ताप आला, तर इंजेक्शनचा विचार सोडून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.